ह्यांच्या वाटचा चहा

जेवण झालंय. भांडी विसळून पालथी घातली आहेत, आणि पाच मिनिटं पाठ टेकावी म्हणून मी कॉटवर आडवी होते. झोपायचं नाहीये. टोणप्यांना पाचच्या आत दोन पानं द्यायची आहेत आणि माझं अजून एक अक्षर झालेलं नाही.

टोणपे म्हणजे प्रकाशक. ह्यांचं पुस्तक काढतायत. हे म्हणजे माझे यजमान, मुकुंद सावळजकर, पाटबंधारे खात्यातले हेडक्लार्क. जाऊन अकरा महिने झाले. सव्वीस वर्षं ह्यांनी सांगलीच्या एका दैनिकात रविवारचं सदर लिहिलं, 'बाकावरून' नावाचं. दर आठवड्याला एक हॉटेल आणि तिथला चहा. तासगाव, विटा, जत, मिरज, कुठल्या स्टँडमागं आलं ठेचून घालतात आणि कुठं नुसताच वेलदोडा, हे लोक ह्यांचं वाचून ठरवायचे. हॉटेलवाले कात्रण फ्रेम करून गल्ल्यामागं लावायचे, देवाच्या फोटोशेजारी.

"वहिनी, फार नको," टोणपे सकाळी फोनवर म्हणाले. "मनोगत, दोनच पानं. 'त्यांच्या प्रत्येक कपामागं मी सावलीसारखी उभी होते', असं काहीतरी. वाचकाच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे. उद्या छपाईला जातंय."

सावली. तेव्हापासून माझं डोकं तापलंय. त्या रागात आमटीत मीठ दोनदा पडलं आणि ती तशीच मी खाल्ली. उभी कसली, मी बसलेली असायचे आणि कप माझ्या हातात असायचा, हे टोणप्यांना कुठून ठाऊक असणार. ते जगात दोघांनाच ठाऊक होतं. आता एकटीलाच आहे.

पंखा खरखरतो. मी कूस बदलते. खरखर जाड होत जाते, खाली उतरते, तिला रॉकेलचा वास यायला लागतो, आणि कळतं की हा पंखा नाही, स्टोव्ह आहे. तासगावच्या स्टँडमागच्या शांतिविलासचा. ते हॉटेल पाडून तिथं मोबाइलचं दुकान झालंय हे मला पक्कं माहीत आहे, पण पायरी तीच आहे आणि मी ती चढते.

हे दारातच उभे आहेत. पांढरा हाफ शर्ट, खिशाला पेन, पेनाखाली शाईचा डाग.

"उशीर केलास," हे म्हणतात.

अकरा महिन्यांनी भेटलेला माणूस पहिलं काय बोलतो, तर उशीर केलास.

"भांडी होती," मी म्हणते. सवयीनं तोंडातून जातं आणि लगेच माझा मलाच राग येतो.

"चल आत. फॅमिली रूम रिकामी आहे."

फॅमिली रूम म्हणजे काय, हे आता माझ्या सुनेला सांगावं लागतं. हॉटेलात मागच्या बाजूला प्लायवुडची खोपटी असायची. कमरेपासून खांद्यापर्यंत येणारी झुलती दारं, वर पडदा, आत एक टेबल आणि दोन बाकडी. बाईमाणूस बरोबर असलं की मालक बघूनच म्हणायचा, फॅमिली आत. पुरुष बाहेर बाकावर पेपर वाचत, बशीत ओतून फुर्र करत, राजकारण करत बसायचे. मी सव्वीस वर्षांत कमीत कमी हजार हॉटेलांत गेले असेन, आणि हॉटेल कसं दिसतं ते मला येता-जाता जेवढं दिसलं तेवढंच. प्लायवुड मात्र पाठ आहे. कुठल्या गावात कुणी कुणाचं नाव ब्लेडनं कोरलंय ते विचारा.

आत बसतो. बाकडं शांतिविलासचं आहे, भिंतीवरचा आरसा मिरजेतल्या कुठल्यातरी हॉटेलातला, आणि पडदा माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीचा. तो मी परवाच धुतलाय, अजून ओलसर आहे. वेटर बाहेरून लाकडावर टकटक करतो. जराशानं नुसता हात आत येतो आणि दोन कप ठेवून जातो. "फॅमिलीत दोन स्पेशल दिले," असं कोणीतरी लांबून ओरडतं.

हे आपला कप एका बोटानं माझ्याकडं सरकवतात. बशीसकट, आवाज न करता. मेल्यावरही बोट तेच.

आता सांगूनच टाकते. सत्याऐंशी साली, सदर सुरू होऊन तीन महिने झाले आणि ह्यांना पोटात अल्सर निघाला. डॉक्टरांनी चहा बंद केला. थेंबसुद्धा नाही म्हणाले. सदराआधी ह्यांना खात्यात कुणी ओळखत नव्हतं. सदर आल्यावर साहेब बसायला खुर्ची द्यायला लागले होते, एस्टीत कंडक्टर 'चहावाले सावळजकर ना' म्हणून हसायचा. ते सगळं सोडायची ह्यांची तयारी नव्हती. "सहा महिने, सुमे," हे म्हणाले. "पोट बरं होईस्तोवर. तू पी आणि मला सांग, मी लिहितो." पोट काही बरं झालं नाही. दोन भरलेले कप फॅमिली रूममध्ये जायचे, दोन रिकामे बाहेर यायचे, आणि पडद्यामागं दोन्ही मीच प्यायचे. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा, ती म्हण आमच्या घरी चष्मा लावून लिहायला बसायची.

साखर पहिल्या उकळीला घातलीय की नंतर, दूध सकाळचं की दुपारचं, पत्ती किती वेळा उकळलीय, हे सगळं माझ्या जिभेवरून ह्यांच्या वहीत उतरायचं. 'पहिला घोट तहानेचा, चहाचा तो दुसरा' हे वाक्य आमच्या भागातल्या कितीतरी हॉटेलांच्या भिंतीवर रंगवलेलं आहे, खाली ह्यांचं नाव. ते मी म्हटलं होतं, विट्याला, ह्यांच्या वाटचा कप ओठाला लावताना.

बोलले का नाही, असं कोणीही विचारेल. आपलेच दात, आपलेच ओठ. शिवाय खोटं कशाला बोलू, मला ते रविवार आवडायचे. स्कूटरवर मागं बसायचं, वारं लागायचं, आणि एक माणूस वही उघडून मी काय म्हणतेय ते मान खाली घालून ऐकायचा. एरवी घरात माझं कोण ऐकत होतं. पण आवडायचं म्हणून राग कमी होत नाही. उलट वाढतो.

मी कप परत सरकवते. "मला शुगर आहे."

"कधीपासून?"

"तुम्ही होतात तेव्हापासून. माझ्या गोळ्या तुमच्या गोळ्यांच्या शेजारी असायच्या."

"मला वाटलं त्या माझ्याच," हे म्हणतात, आणि खरंच वाटलं असणार, असा चेहरा करतात.

मी उठते. झुलतं दार पोटानं ढकलते आणि बाहेर पडते, तर ते डॉक्टरांच्या केबिनचं दार आहे. सारखीच तर असायची दोन्हीकडची दारं. डॉक्टर खाली बघून लिहितायत. टेबलावर माझे रिपोर्ट.

"चहा किती घेता?" डॉक्टर विचारतात.

"दोघांचा."

डॉक्टर लिहायचे थांबतात. मान वर करतात, तर हेच आहेत. पेन हातात.

"दोघांचा," हे म्हणतात. "छान आहे. वापरू?"

"नाही."

"शेवटच्या वाक्याला बसेल."

"नाही म्हटलं ना."

मी पुन्हा दार ढकलते. पलीकडं पुन्हा फॅमिली रूम. ती ओलांडते, पुढची फॅमिली रूम. जतची, कवठ्याची, पलूसची, एकीतून दुसरीत, आणि प्रत्येक टेबलावर दोन कप वाफाळतायत. बाहेरच्या बाकावरचे पुरुष प्लायवुडच्या पलीकडं बोलताना ऐकू येतायत, पण बाहेर जायचं दार काही सापडत नाही. हे माझ्यामागून येतायत. चपला वाजत नाहीत.

"कुठं चाललीस?"

"बाहेर. मला बाकावर बसायचंय."

"बायका बसत नाहीत तिथं."

"सत्याऐंशी साली नव्हत्या बसत. नंतर सगळ्या बसायला लागल्या. कॉलेजच्या मुली बसायच्या, शेंगा विकणाऱ्या बायका बसायच्या. तुम्ही मात्र फॅमिली रूम असलेलंच हॉटेल हुडकायचात."

"मग काय करणार होतो? तिथं पडदा नाही."

हे इतकं सरळ म्हणतात की मी थांबते. आयुष्यभर हे एवढं सरळ बोलले नाहीत. हॉटेलवाल्यांनी एकेक करून ती खोपटी काढून टाकली, तेव्हा ह्यांनी शेवटचा लेख लिहिला होता. 'फॅमिली रूम गेली, एक सभ्यता गेली.' ढीगभर पत्रं आली. बायांनीही लिहिलं, आमच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणून. त्यानंतर सदर बंद झालं आणि लोकांना वाटलं सावळजकरांचं वय झालं. मी ते कात्रण वाचून स्वयंपाकघरात जाऊन बसले होते. हसू येत होतं आणि कपाळ दुखत होतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असाच असणार.

आता आम्ही परत शांतिविलासमध्ये बसलेलो आहोत. मी कधी बसले ते मला आठवत नाही. हे टेबलावर कोपरं टेकून जवळ वाकतात.

"सुमे, मनोगतात लिहू नकोस."

म्हणजे त्यासाठी आलेत.

"काय लिहू नको?"

"तेच."

"तुमच्या तोंडानं सांगा ना काय ते."

हे पडद्याकडं बघतात. कुणी ऐकत नाही ना, म्हणून. मेलेल्या माणसालासुद्धा कुणीतरी ऐकेल याची भीती असते.

"लोक हसतील," हे म्हणतात. "टोणपे पुस्तक काढायचे नाहीत. भिंतीवर नाव आहे माझं, ते पुसतील. माणूस गेल्यावर दुसरं राहतंच काय? मेलेल्या माणसाला खोटं पाडशील?"

"आणि माझं काय राहतं?"

"तुझं सगळं आहेच की त्यात. प्रत्येक ओळीत आहे."

"नाव कुठाय?"

हे तो जुना मवाळ आवाज काढतात. ह्या आवाजापुढं मी सव्वीस वर्षं हरले.

"बरं, भांडण राहू दे. एवढा आलाय तर एक घोट घे. निवतोय. कसा आहे तेवढं सांग फक्त."

मी नाही म्हणायला तोंड उघडते. पण वाफ नाकाशी येते, आणि मला कळतं की आलं किसलेलं नाही, खलबत्त्यात ठेचलंय, सालीसकट. हात आपोआप जातो. पहिला घोट. दुसरा घोट. दूध म्हशीचं आहे, पाणी न घातलेलं, आणि साखर सगळ्यात शेवटी पडलीय, त्यामुळं गोडी जिभेच्या टोकाला राहते, घशात चिकटत नाही. असा चहा मी कित्येक वर्षांत प्यायले नाही.

"हा कुणीतरी आपल्या घरच्यांसाठी ठेवलेला चहा आहे," मी म्हणते. "गिऱ्हाइकासाठी नाही. घाईत नव्हता तो माणूस."

टेबलाच्या कडेवर पेनाची बारीक खसखस ऐकू येते. खाली बघते, तर ह्यांनी वही उघडलीय. घाईत नव्हता तो माणूस, हे लिहून झालंय. खाली रेघ मारून झालीय.

माझ्या अंगाचा तिळपापड होतो. हा माणूस मेला, जळला, ह्याचं दहावं-तेरावं मी केलं, पिंडाला कावळा शिवेना म्हणून उन्हात दोन तास उभी राहिले, आणि हा अजून माझ्या जिभेखाली वही धरून बसलाय.

मी उठते आणि पडदा ओढते. माझाच पडदा, दांडीसकट हातात येतो. बाहेर खच्चून पुरुष बसलेत. बाकांवर, पायरीवर, स्टोव्हच्या कडेला. सगळ्यांच्या हातांत बशा. मी त्यांच्या मधोमध जाऊन उभी राहते. चव्वेचाळीस वर्षं संसार केला, पण उखाणा सोडून ह्यांचं नाव मी कधी घेतलेलं नाही. आता घेते.

"मुकुंद," मी ओरडते. "अरे मुकुंद, बाहेर ये. सांग ह्या सगळ्यांना चहा कोण प्यायलं ते. तुझा कप कोण प्यायचं ते सांग."

अहोचं अरे झालेलं मला ऐकू येतं, पण मी थांबत नाही. पुरुष फुंकर मारतायत, पेपरची पानं उलटतायत. एकजण नुसताच सरकून मला जागा करून देतो, इतरांचं लक्षसुद्धा नाही. म्हणून मी आणखी मोठ्यानं ओरडते. शुगर कुणाला झाली सांग. विट्याला कोण काय बोललं ते सांग. एकेका हॉटेलचं नाव घेऊन ओरडते, आणि हजार नावं मला पाठ आहेत. घसा सोलवटून निघतो तरी ओरडते.

हे फॅमिली रूमच्या झुलत्या दारात उभे आहेत. वही मिटलेली. बाहेर मात्र येत नाहीत.

"तू सांगितल्याशिवाय मला चहा कळायचाच नाही, सुमे," हे हळूच म्हणतात. "अल्सरच्या आधीसुद्धा. नुसता गरम लागायचा."

मी दमलेली आहे. बाकावर टेकते. चांगलं रुंद असतं की बाक, उगाच इतकी वर्षं वाटायचं काय असेल.

"हे एक वाक्य छापायचं होतंस," मी म्हणते.

"कापलं असतं त्यांनी."

"लिहायचं तरी होतंस."

हे दाराची फळी धरून उभे राहतात, आणि दार त्यांच्यासकट झुलायला लागतं, आत बाहेर, आत बाहेर. मागं स्टोव्हची खरखर बारीक होत वर चढते.

फोन वाजतोय. मी कॉटवर आहे. पंखा चालू आहे आणि घड्याळात साडेचार वाजलेत. अंगठ्यानं फोन हुडकून कानाला लावते.

"टोणपे बोलतोय. वहिनी, झालं का मनोगत?"

बोलायला जाते तर आवाजच येत नाही. घशात काटे उभे राहिलेत. खाकरते, आवंढा गिळते, पुन्हा बोलते, आणि जो आवाज निघतो तो फाटका, चिरका, दिवसभर बाजारात ओरडून माल विकणाऱ्या बाईचा असतो तसा. सकाळी ह्याच टोणप्यांशी मी ठणठणीत बोलले होते.

"वहिनी, आवाजाला काय झालं?"

"भांडण झालं."

"कुणाशी?"

"ह्यांच्याशी."

टोणपे जपून बोलायला लागतात. आजारी माणसाशी बोलतात तसं.

"तुम्ही विश्रांती घ्या. मनोगत मी लिहितो, तुम्ही नुसती सही करा. कसं?"

"नको. पेन आहे का जवळ? मी सांगते ते लिहा."

"सांगा."

"सत्याऐंशी सालापासून शेवटपर्यंत ह्यांनी चहाचा थेंब घेतला नाही. लिहिलं?"

"काय म्हणालात?"

मी पुन्हा सांगते. एकेक शब्द घशाला ओरबाडत येतो, पण थांबून थांबून पूर्ण सांगते.

"अहो वहिनी," ते शेवटी म्हणतात, "मग सव्वीस वर्षं चहा पीत कोण होतं?"

"मी."

"ऐकू नाही आलं. आवाज फार बसलाय तुमचा."

मी उठून बसते, फोन तोंडाशी धरते आणि आहे तेवढ्या आवाजात पुन्हा सांगते.